एकच फेकाफेक, दोन कारणं : वर्तन तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचं एक प्रकरण

मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम असलेला, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलणारा. थेरपी सेंटरमध्ये तीन वर्तन तंत्रज्ञ आळीपाळीने त्याची सेशन्स घेत होत्या. त्यांच्यावर देखरेख करणारी वर्तन विश्लेषक म्हणून हे प्रकरण माझ्याकडे होतं. तक्रार एका ओळीची होती : टेबलावरच्या वस्तू फेकतो. पेन्सिलींचा डबा, चित्रांची कार्डं, ठोकळे, हाताला लागेल ते. कधीकधी फेकल्यावर स्वतःच्याच मनगटाला चावायचा. जखम झाली नव्हती, पण दात उमटायचे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वागण्याचा आणि प्रशिक्षणाचा गाभा मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

तिघींकडे आधीपासून एक योजना होती. फेकलं की दुर्लक्ष करायचं, नीट वागला की कौतुक करायचं, आणि फारच झालं तर दोन मिनिटं शांत कोपऱ्यात बसवायचं. योजना प्रामाणिकपणे पाळली जात होती, तरी फेकाफेक वाढत चालली होती. "सगळं करून बघितलं," असं तिघीही म्हणत होत्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्यांना शिकवलेलं नव्हतं असंही नाही. बिहेवियर ॲनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाने २०१४ साली रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन हे प्रमाणपत्र सुरू केलं. त्यासाठी ४० तासांचं प्रशिक्षण लागतं. या तिघींचं प्रशिक्षण त्याच धर्तीवर झालं होतं. वागण्याची फंक्शन्स, म्हणजे त्या वागण्यातून मुलाला काय मिळतं याचे प्रकार, किती, असं विचारलं की उत्तर तयार : लक्ष मिळवणं, नकोशा गोष्टीतून सुटका, हवी ती वस्तू किंवा खेळ मिळवणं, आणि त्या कृतीतूनच मिळणारं शारीरिक सुख किंवा आराम. उदाहरण दिलं तर ते कोणत्या खान्यात बसतं हेही बरोबर सांगायच्या. पण सेशनमध्ये डबा जमिनीवर आदळला की तिघींचे हात एकच गोष्ट करायचे. ज्ञान होतं, पण ते त्या क्षणाला हातापर्यंत पोचत नव्हतं. प्रशिक्षणाने भरून काढायची होती ती हीच दरी, आणि ती आणखी एका व्याख्यानाने भरली नसती.

नोंदवहीत काय होतं

सुरुवात एबीसी नोंदींपासून केली : वागण्याच्या आधी काय घडलं, वागणं काय होतं, नंतर काय झालं. सिडनी बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली ही निरीक्षणाची पद्धत नीट मांडली, आणि आजही कामाची पहिली पायरी हीच असते. आमच्या नोंदी भरलेल्या होत्या, पण हाती काही लागत नव्हतं. 'आधी' या रकान्यात पानोपानी "टेबलावर बसला होता", आणि 'नंतर' या रकान्यात "दुर्लक्ष केलं". सूचना कोणती दिली होती, ताई त्याच्याकडे बघत होत्या की दुसरीकडे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेकल्यानंतर समोरच्या कामाचं काय झालं, यातलं काहीच नव्हतं.

पालकांच्या परवानगीने घेतलेला एक व्हिडिओ आम्ही चौघींनी मिळून पाहिला. तंत्रज्ञ म्हणते, "आता हे अक्षर लिही." मुलगा पानाकडे बघतो, खांदे वर घेतो आणि डबा ढकलून देतो. तंत्रज्ञ ठरल्याप्रमाणे मान फिरवते. चेहऱ्यावर काही नाही, तोंडातून शब्द नाही. दुर्लक्ष अगदी पाठ्यपुस्तकात दाखवावं असं. मग ती खाली वाकून पेन्सिली गोळा करायला लागते. एकेक पेन्सिल डब्यात जाते, तेवढ्यात मुलगा खिडकीकडे बघत पाय हलवत बसलेला. ती वर येते, डबा ठेवते, आणि डबा ठेवताना लिहायचं पान नकळत फाइलखाली सरकतं. पुढची सूचना येते ती ठोकळ्यांची. ते अक्षर त्या दिवशी लिहिलंच गेलं नाही. नोंदवहीत या प्रसंगाची नोंद दोनच शब्दांची : दुर्लक्ष केलं.

त्या मुलाला तिचं लक्ष नकोच होतं. त्याला अक्षर नको होतं, आणि ते गेलं. तिने रोखून धरलं ते लक्ष, आणि हातातून सुटलं ते काम. तिघींनी हा व्हिडिओ दोनदा बघायला मागितला. दुसऱ्यांदा बघताना कोणीच काही बोललं नाही, कारण पान सरकतानाचा क्षण आता सगळ्यांना दिसत होता.

त्याच दिवशी नोंदीचा कागद बदलला. रकान्यांऐवजी तीन प्रश्न : अगदी आधीच्या क्षणी काय बदललं? फेकल्यावर त्याच्यापाशी काय आलं किंवा त्याच्यापासून काय दूर गेलं? काम जिथे होतं तिथेच आहे का? तिसऱ्या प्रश्नाने सगळ्यात जास्त काम केलं.

तपासणी

नोंदी सुधारल्यावर दोन वेगळे नमुने दिसायला लागले. लिहिण्याच्या किंवा रंग ओळखण्याच्या कामात सूचना आली की फेकाफेक. आणि तंत्रज्ञ दाराशी उभ्या असलेल्या कोणाशी बोलत असतील, किंवा डेटा भरत असतील, तेव्हाही फेकाफेक. दुसऱ्या वेळी समोर कामच नसायचं. नुसत्या निरीक्षणातून एवढंच कळतं की दोन गोष्टी सोबत घडतात. एकीमुळे दुसरी घडते का, हे ठरवायला परिस्थिती मुद्दाम बदलून बघावी लागते. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली स्वतःला इजा करणाऱ्या मुलांबाबत ही प्रायोगिक पद्धत मांडली, आणि फंक्शनल ॲनालिसिस म्हणतात ते त्यातूनच उभं राहिलं. एका परिस्थितीत काम द्यायचं आणि त्रासदायक वागलं की थोडा वेळ काढून घ्यायचं, दुसरीत लक्ष काढून घ्यायचं आणि वागलं की द्यायचं, आणि तुलनेसाठी एक अशी ठेवायची जिथे खेळ आहे, लक्ष आहे, मागणी काहीच नाही.

आम्ही पाच-पाच मिनिटांचे छोटे टप्पे घेतले. आई-वडिलांची लेखी संमती होती. टेबलावर फक्त मऊ, हलक्या वस्तू ठेवल्या होत्या. मनगटावर दात लागले तर टप्पा तिथेच थांबवायचा, हे आधीच ठरलं होतं. आवडीची वस्तू काढून घेण्याचा टप्पाही ठेवला होता, त्यात फारसं काही घडलं नाही. खेळाच्या टप्प्यात फेकाफेक जवळपास नव्हतीच. कामाच्या आणि लक्षाच्या टप्प्यांत ती पुन्हा पुन्हा वर येत राहिली. म्हणजे दिसायला वागणं एकच, पण फंक्शन्स दोन, आणि कोणत्या क्षणी कोणतं ते परिस्थिती ठरवत होती.

मग शांत कोपऱ्याचं कोडंही सुटलं. टाइमआउटमुळे, म्हणजे मुलाला थोडा वेळ असं बाजूला बसवल्याने, वागणं कमी होईल की उलट वाढेल, हे ज्यातून मुलाला बाहेर काढतो ती जागा त्याला हवीशी आहे की नकोशी, यावर ठरतं. १९७७ सालच्या संशोधनात हे स्पष्ट दिसलं होतं. या मुलाला आम्ही नको असलेल्या कामातून उठवून शांत जागी नेऊन बसवत होतो.

सराव

तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी बिहेवियरल स्किल्स ट्रेनिंग वापरलं. सांगणं, करून दाखवणं, करवून घेणं आणि लगेच सुधारून देणं, आणि ठरलेली पातळी गाठेपर्यंत शेवटचे दोन भाग पुन्हा पुन्हा. सांगण्याचा भाग लवकर उरकला. सुटकेसाठीची आणि लक्षासाठीची कृती एकाच कागदाच्या दोन बाजूंवर लिहिली होती.

सुटकेच्या बाजूला असं होतं : काम लहान तुकड्यांत द्या, कोणतं आधी करायचं हे त्याला निवडू द्या, अवघड कामामध्ये सोपी कामं पेरा. खांदे वर जाऊ लागले, म्हणजे फेकण्याच्या आधीच, त्याला ब्रेक मागण्याचं कार्ड तुमच्या हातात द्यायला मदत करा. कार्ड हातात पडलं की लगेच काम बाजूला. फेकलंच तर काम जागचं हलवू नका, बोलू नका, एक अगदी छोटी पायरी मदतीने पूर्ण करू द्या आणि मग कार्डाची आठवण द्या. हात धरून करून घ्यायचं नाही. तो उठून गेला तर जाऊ द्या, काम तिथेच राहील. ही शेवटची अट मी घातली आणि तिच्याबद्दल तडजोड केली नाही. मुलाला दाबून बसवल्यावर जे काम होतं, त्यातून तो काम शिकत नाही.

लक्षाच्या बाजूला : ठरावीक वेळाने, त्याने काही करण्याची वाट न बघता, त्याच्याकडे वळा. खांद्याला हलका स्पर्श करून "ताई, बघा ना" म्हणायला शिकवा, आणि तो म्हणाला की हातातलं वाक्य अर्धं सोडून वळा. फेकलं तर नजर, शब्द, उसासा, काहीच नाही. वस्तू नंतर उचला.

हे शब्द आणि कार्ड असंच का, यामागे १९८५ सालचं एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांचं काम आहे. चार मुलांना त्यांनी त्रासदायक वागण्याऐवजी बोलून मागायला शिकवलं. वाक्य त्या मुलाच्या फंक्शनशी जुळणारं असेल तेव्हाच वागणं कमी झालं. फंक्शनशी न जुळणारं वाक्य मुलांनी शिकून घेतलं, पण त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून "ताई, बघा ना" हे लिहिण्याच्या कामात उपयोगाचं नाही, आणि ब्रेकचं कार्ड ताई दाराशी बोलत असताना उपयोगाचं नाही.

रोल-प्लेमध्ये मुलगा मी झाले. आधी फक्त सुटकेचे प्रसंग घेतले. तिघीही थोड्याच वेळात सफाईने करू लागल्या. मग फक्त लक्षाचे, तेही जमले. इथे थांबलो असतो तर प्रशिक्षण यशस्वी म्हणून फाइल बंद झाली असती, आणि दुसऱ्या दिवशी सेशनमध्ये सगळं होतं तसंच राहिलं असतं.

तिसऱ्या भागात प्रसंग मिसळले, आणि कोणता येणार हे सांगितलं नाही. मी कधी काम समोर असताना फेकायचे, कधी तिने वही उघडली की फेकायचे, आणि कधी अगदी अवघड वेळी : काम समोर आहे आणि ती त्याच वेळी दुसऱ्या कोणाशी बोलायला वळली आहे. इथे सगळं विस्कटलं. सर्वांत अनुभवी तंत्रज्ञ सर्वांत जास्त अडखळली, आणि त्यात तिचा कमीपणा मुळीच नाही. फेकलं की मान फिरवायची, ही सवय तिच्या हातात वर्षानुवर्षं मुरली होती. नव्या तंत्रज्ञाला शिकायचं होतं, तिला आधी विसरायचं होतं. तिने विचारलेला प्रश्न मात्र फार मोलाचा होता : "काम चालू असताना त्याने फेकलं आणि मी जवळ जाऊन पायरी पूर्ण करायला मदत केली, तर त्याला माझं लक्ष मिळालंच ना?"

मिळालंच. पण त्या क्षणी तो लक्षासाठी फेकत नव्हता. तपासणीत कामाच्या टप्प्यात तंत्रज्ञ शेजारीच बसलेली होती, लक्ष हाताशी होतं, तरी त्याने फेकलं, आणि काम गेल्यावरच तो थांबला. त्या वेळी त्याला हवी होती ती सुटका, आणि रोखायची तीच. मदत शांत आणि थोडक्यात असेल, गप्पांची नसेल, तर तिची भीती बाळगायचं कारण नाही. हे तिला पटलं ते माझ्या बोलण्याने नाही. तपासणीचा आलेख तिने स्वतः समोर ठेवला आणि दोन रेषांवर बोट ठेवत खात्री करून घेतली, तेव्हा पटलं.

मिश्र सरावात प्रत्येक प्रसंगानंतर मी आधी एकच प्रश्न विचारायचे : "आत्ता त्याला काय हवं होतं, आणि कशावरून?" 'कशावरून' याचं उत्तर नोंदीतल्या पहिल्या प्रश्नातून यायला हवं होतं, अंदाजातून नाही. मग कृतीवर बोलायचं. "छान केलंत" असं म्हणणं मी टाळलं, कारण त्यातून पुढच्या वेळी काय पुन्हा करायचं ते कळत नाही. "कार्ड तुम्ही खांदे वर जाताच पुढे केलं, तिथेच फेकणं टळलं," यातून कळतं. दहा मिश्र प्रसंगांपैकी नऊ बरोबर, सलग दोन फेऱ्यांत, आणि शेवटची फेरी नेहमीच्या सेशनच्या खोलीत, अशी पातळी ठेवली होती. तिघींनी ती वेगवेगळ्या वेळी गाठली. कोणालाही दुसरीसाठी थांबवलं नाही आणि घाईही केली नाही.

सेशनमध्ये

सुरू करण्याआधी तिघींना आणि आई-वडिलांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. आजवर मिळत होतं ते मिळेनासं झालं की वागणं काही काळ वाढू शकतं. डोरोथिया लर्मन आणि इवाटा यांनी १९९५ साली ११३ प्रकरणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशी वाढ सुमारे चौथाई प्रकरणांत दिसली, आणि सोबत दुसरा उपाय असेल तिथे ती कमी होती. आमच्याकडे तसंच घडलं. कामाच्या वेळची फेकाफेक जवळपास लगेच खाली आली, कारण कार्डाने सुटका जास्त सोपी आणि जास्त लवकर मिळत होती. लक्षाच्या प्रसंगांत मात्र पहिल्या आठवड्यात ती वाढली. आधी सांगून ठेवलं नसतं तर त्या आठवड्यात कोणीतरी वळून "असं नाही करायचं हं" म्हटलंच असतं, आणि जास्त जोरात फेकलं की लक्ष मिळतं हे त्याला शिकवलं गेलं असतं.

देखरेखीच्या यादीत प्रत्येक प्रसंगासाठी मोजकेच मुद्दे ठेवले : फंक्शन ओळखलं का, कार्ड किंवा वाक्य वेळेवर सुचवलं का, मागितल्यावर लगेच मिळालं का, फेकल्यावर काय हललं. चुकांमध्येही मी फरक केला. कार्ड सुचवायचं राहून गेलं तर नुकसान थोडं. फेकल्यावर काम बाजूला झालं तर नुकसान मोठं, कारण अधूनमधून फळणारं वागणं विझायला सर्वांत चिवट असतं. दुसऱ्या प्रकारची चूक दिसली की त्याच दिवशी पुन्हा सराव. एकदा बदली तंत्रज्ञ आली त्या दिवशी कार्ड दुसऱ्या खोलीत राहिलं, आणि तास अर्ध्यावर येईपर्यंत सगळं जुन्या वळणावर गेलं. तेव्हापासून कार्ड दोरीने टेबललाच बांधलेलं असतं.

सर्वांत कठीण वेळ यश मिळाल्यावर आली. मुलगा सतत कार्ड द्यायला लागला. काम समोर आलं की कार्ड, परत आलं की कार्ड. तिघी हवालदिल होऊन आल्या : "शिकवायचं कधी?" एकीचं म्हणणं होतं की आता थोडं नाकारायला हवं. मी ठाम नाही म्हटलं. कार्ड नाकारलं जातं आणि फेकलं की काम जातं, एवढं त्याला एकदा कळलं की सगळं पहिल्या जागी. फेकाफेक बरेच दिवस जवळपास शून्यावर टिकेपर्यंत प्रत्येक कार्डाला ब्रेक द्यायचा, हे पाळलं. त्या काळात शिकवणं खरोखरच कमी झालं, आणि आई-वडिलांना ते सांगून, पटवून केलं. मग कार्ड आलं की "हो, एक अक्षर, मग ब्रेक." एक जमलं की दोन. अक्षरं दोनाची चार होताना एकदा चावणं परत आलं, तेव्हा दोनावर येऊन काही दिवस थांबलो. लक्षाच्या बाबतीतही तसंच. "ताई, बघा ना" याला आधी लगेच वळणं, मग "वाक्य संपवते, थांब" आणि हात वर करून खूण, आणि ती खूण हळूहळू लांबवत नेणं.

आज तो लिहिण्याचं पूर्ण पान दोन ब्रेक घेऊन संपवतो. फेकाफेक अधूनमधून होते, मनगटावर दात बरेच दिवसांत दिसलेले नाहीत. शांत कोपरा शिक्षा म्हणून बंद झाला आहे. मुलगा आता स्वतः मागणी करून तिथे जातो, आणि मागितला की कोपरा मिळतो.

एक जागा अजून सुटलेली नाही. एक तंत्रज्ञ जाऊन दुसरी येते त्या दोन-तीन मिनिटांत फेकाफेक टिकून आहे. तिथे लक्ष एकीकडून दुसरीकडे जातं आणि नव्या कामाची चाहूलही त्याच वेळी लागते, म्हणून दोन्ही फंक्शन्स एकत्र असण्याची शक्यता मोठी आहे. पहिल्या तपासणीत ही परिस्थिती आम्ही वेगळी घेतली नव्हती, आता घेत आहोत. तोपर्यंत बदलाची वेळ मोकळ्या खेळात ठेवली आहे, येणारी तंत्रज्ञ पाच मिनिटं आधी येऊन आधीच्या खेळात सामील होते, आणि नव्या तंत्रज्ञाच्या मिश्र सरावात हा बदलाचा प्रसंग घातला आहे.